मुलांचे मानसिक आजार आणि मेंदूचे चित्र : त्यात काय दिसते, काय दिसत नाही

हाड मोडले तर एक्स-रे काढतात, साखर वाढली तर रक्त तपासतात. मुलाचे मन बिघडले तर काय तपासायचे? हा प्रश्न आज अनेक घरांतून विचारला जातो. दहावीपर्यंत नीट शिकणारा मुलगा एकाएकी खोलीत कोंडून घेतो, कोणी दिसत नसताना बोलू लागतो. हसतीखेळती मुलगी जेवण सोडते, रात्र रात्र जागते. शाळेतला एखादा पोरगा एका जागी दहा मिनिटे बसत नाही, म्हणून रोज मार खातो. अशा वेळी आजूबाजूची वडीलधारी माणसे सहसा तीनपैकी एक उत्तर देतात : 'बाहेरचे काहीतरी लागले असेल', 'आई-बापाने लाडावून ठेवले' किंवा 'काही नाही, नाटके करतो आहे.'

अलीकडे यात चौथ्या उत्तराची भर पडली आहे : 'मेंदूचा एम.आर.आय. काढा, म्हणजे काय ते एकदाचे कळेल.'

पहिली तीन उत्तरे चुकीची आहेत हे सुशिक्षित वाचकाला पटवून द्यावे लागत नाही. चौथे मात्र विज्ञानाचा पोशाख घालून येते, म्हणून ते अधिक बारकाईने तपासून घेतले पाहिजे. मानसिक आजार असलेल्या मुलांच्या व तरुणांच्या मेंदूच्या रचनेत काही फरक आढळतात, ही गोष्ट खरी आहे. परंतु ते फरक किती मोठे आहेत, ते कशामुळे पडतात आणि एका विशिष्ट मुलाबद्दल ते काय सांगू शकतात, हे समजून घेतले नाही तर या ज्ञानाचा उपयोग होण्याऐवजी अपायच होईल. प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही. शिक्षण कलाशाखेचे आणि नोकरी बँकेतील कारकुनाची. तेव्हा उपचार सांगण्याचा येथे हेतू नाही. शास्त्रज्ञांनी जे शोधून काढले आहे ते आपल्या बोलीत मांडावे, एवढीच इच्छा आहे.

मेंदू पाहण्याची सोय कशी झाली

मेंदू कवटीच्या बंद पेटीत असतो. जिवंत माणसाचा मेंदू पाहण्याची सोय पूर्वी जवळजवळ नव्हती. पाठीच्या कण्यातून हवा भरून डोक्याचा एक्स-रे काढण्याची एक पद्धत होती, पण ती अतिशय वेदनादायक होती. १९७१ साली लंडनमधील विंबल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी तयार केलेल्या सी.टी. स्कॅन यंत्राने प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे आडवे छेद चित्रात दाखवले. या शोधाबद्दल हाउन्सफील्ड व ॲलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मानसिक आजाराच्या अभ्यासात या यंत्राचा पहिला महत्त्वाचा उपयोग १९७६ साली झाला. लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयातील ईव्ह जॉनस्टन, टिमोथी क्रो व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे रुग्णालयात असलेल्या १७ स्किझोफ्रेनियाग्रस्तांचे सी.टी. स्कॅन काढले. मेंदूच्या आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. निरोगी माणसांच्या तुलनेत या रुग्णांमध्ये त्या पोकळ्या मोठ्या आढळल्या. रुग्ण थोडे होते, पण निष्कर्षाने खळबळ उडाली. याचे कारण असे की, आईच्या थंड किंवा विचित्र वागण्यामुळे मुलाला स्किझोफ्रेनिया होतो, असा एक विचार त्या काळापर्यंत खुद्द मानसोपचाराच्या क्षेत्रातच प्रचलित होता. आधीच पोळलेल्या आईवर शास्त्राच्या नावाने दोष ठेवला जात होता. मेंदूच्या चित्राने त्या समजुतीला हादरा दिला. हा आजार शरीराशी जोडलेला आहे, हे डोळ्यांना दिसू लागले.

त्यानंतर एम.आर.आय. आले. या यंत्रात एक्स-रे नसतात. बलवान चुंबकाच्या साहाय्याने शरीरातील पाण्याच्या हायड्रोजनकडून येणारे संकेत टिपून चित्र तयार केले जाते. त्यामुळे निरोगी मुलांचेही चित्र पुन्हा पुन्हा काढणे शक्य झाले. एकाच मुलाला दर दोन वर्षांनी बोलावून त्याचा मेंदू कसा वाढतो हे पाहता येऊ लागले. पुढची सगळी माहिती या एका सोयीतून निघाली आहे.

वयात येताना मेंदूची छाटणी

सहाव्या वर्षापर्यंत मुलाचा मेंदू आकाराने प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो. म्हणून मेंदूची वाढ बालपणीच संपते असा पूर्वी समज होता. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे जे गीड आणि त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये १४५ निरोगी मुलां-तरुणांची चित्रे तपासून वेगळेच दाखवून दिले. मेंदूच्या वरच्या सालीत करड्या रंगाचा भाग असतो, त्याला ग्रे मॅटर म्हणतात. कपाळामागच्या भागात हा करडा भाग मुलींमध्ये सुमारे ११ व्या आणि मुलांमध्ये सुमारे १२ व्या वर्षापर्यंत वाढत जातो आणि मग कमी होऊ लागतो.

कमी होणे म्हणजे बिघडणे नव्हे. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदाराला हे चटकन कळेल. वेलीला फुटलेली प्रत्येक काडी राखली तर घड धरत नाही. योग्य वेळी छाटणी करावी लागते. मेंदूतही पेशी-पेशींमधील जोडण्या बालपणी भरमसाठ तयार होतात. पुढे ज्या वापरात राहतात त्या पक्क्या होतात, ज्या वापरात नसतात त्या छाटल्या जातात. त्याच वेळी पेशींच्या लांब तंतूंवर स्निग्ध वेष्टण चढून निरोप जलद जाऊ लागतात. चित्रात करडा भाग कमी झालेला दिसतो त्यामागे या दोन्ही गोष्टी असाव्यात असे शास्त्रज्ञ मानतात.

हे काम मेंदूभर एकाच वेळी होत नाही. २००४ मध्ये नितीन गोगटे व सहकाऱ्यांनी १३ मुलांची चित्रे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा काढून ४ ते २१ या वयातला क्रम मांडला. हालचाल व संवेदना सांभाळणारे भाग आधी तयार होतात. विचार करणे, मनाला लगाम घालणे, पुढचा परिणाम पाहून आज थांबणे ही कामे सांभाळणारा कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी येणाऱ्या भागांत मोडतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या अंगात ताकद असते, पण लगाम अजून तयार होत असतो, तो यामुळेच.

मानसिक आजार नेमके याच वयात डोके वर काढतात. २०२२ मध्ये जगभरातील १९२ अभ्यास एकत्र करून काढलेल्या हिशेबात असे दिसले की, ज्यांना मानसिक विकार होतात त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांमध्ये त्याची सुरुवात १४ व्या वर्षापूर्वी आणि जवळजवळ निम्म्यांमध्ये १८ व्या वर्षापूर्वी झालेली असते. घर रंगवायला काढले असताना पाऊस यावा, तसा हा प्रकार आहे.

स्किझोफ्रेनिया : छाटणी जास्त खोल गेली तर

स्किझोफ्रेनिया बहुधा तरुणपणी सुरू होतो. १३ व्या वर्षापूर्वी तो होणे अत्यंत दुर्मिळ. अशा दुर्मिळ मुलांचा अभ्यास अमेरिकेतील त्याच संस्थेत ज्युडिथ रापोपोर्ट यांनी १९९० पासून अनेक वर्षे केला. २००१ मध्ये पॉल थॉम्सन आणि सहकाऱ्यांनी यांपैकी १२ मुलांची सुमारे पाच वर्षांतील चित्रे १२ निरोगी मुलांच्या चित्रांशी ताडून पाहिली. करडा भाग दोन्हीकडे कमी होत होता, पण आजारी मुलांमध्ये त्याचा वेग बराच जास्त होता. ही घट डोक्याच्या वरच्या-मागच्या भागात सुरू होऊन पुढे कानाजवळच्या व कपाळामागच्या भागाकडे सरकत गेली होती.

छाटणीत गडबड होऊन हा आजार होत असावा, असा तर्क अर्विन फाइनबर्ग यांनी १९८२ मध्येच मांडला होता. २०१६ मध्ये त्याला एक आधार मिळाला. सुमारे ६५ हजार लोकांच्या आनुवंशिक माहितीवरून असे दिसले की, 'सी-फोर' नावाच्या जनुकाचे काही प्रकार ज्यांच्यात असतात त्यांना या आजाराचा धोका थोडा अधिक असतो. हे जनुक एरवी शरीराच्या रोगप्रतिकाराचे काम करते, आणि मेंदूतील जोडण्या छाटण्यातही त्याचा हात असल्याचे उंदरांवरील प्रयोगांत दिसले. धोका थोडाच वाढतो, हे ध्यानात ठेवावे. हे जनुक असलेले बहुसंख्य लोक निरोगीच राहतात.

याच मालिकेतील एक निष्कर्ष फार दिलासा देणारा आहे. २००७ मध्ये या आजारी मुलांच्या निरोगी भावंडांची चित्रे तपासली गेली. लहानपणी त्यांच्याही मेंदूत कपाळामागचा व कानाजवळचा करडा भाग कमी आढळला. परंतु विसाव्या वर्षापर्यंत ही तूट भरून निघालेली होती. म्हणजे मेंदूतला फरक हा कपाळावर कोरलेला लेख नसतो. काही मेंदू तो आपोआप सावरून घेतात. ते कसे सावरतात हे कळले, तर पुढे उपचाराचा नवा मार्ग निघू शकेल.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. काही फरक आजाराचे नसून दीर्घकाळ घेतलेल्या औषधांचेही असू शकतात, असे काही अभ्यासांत दिसले आहे. हे वाचून कोणी औषध बंद करू नये. औषध सोडल्यावर आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. शंका असेल तर ती डॉक्टरांनाच विचारावी.

अतिचंचलता, नैराश्य आणि 'वाया गेलेली' मुले

एका जागी न बसणारे, लक्ष न लागणारे मूल शाळेत सगळ्यांत जास्त बोलणी खाते. या विकाराला ए.डी.एच.डी. म्हणतात. २००७ मध्ये फिलिप शॉ व सहकाऱ्यांनी असा विकार असलेली २२३ मुले आणि विकार नसलेली २२३ मुले यांची तुलना केली. मेंदूची साल वाढून सर्वाधिक जाड होण्याचा टप्पा निरोगी मुलांनी सरासरी साडेसात वर्षांच्या सुमारास गाठला. चंचल मुलांनी तो साडेदहाच्या सुमारास गाठला. म्हणजे वाढीचा क्रम तोच, गाडी मात्र तीन वर्षे उशिरा. सर्वाधिक उशीर कपाळामागच्या भागात होता. 'मन लावून बस' असे या मुलाला छडी मारून सांगणे म्हणजे न फुटलेल्या दातांनी ऊस खायला सांगण्यासारखे आहे.

नैराश्याच्या बाबतीत हिप्पोकॅम्पस नावाचा, आठवणींशी संबंधित असलेला भाग पाहिला गेला. हजारो लोकांच्या चित्रांवरून २०१६ मध्ये असे दिसले की, ज्यांना नैराश्याचे झटके वारंवार येतात किंवा ज्यांचा आजार लहान वयात सुरू झाला, त्यांच्यात हा भाग सरासरीने किंचित लहान असतो.

चोरी, मारामारी, खोटे बोलणे, शाळा चुकवणे हे प्रकार सतत व टोकाला गेलेले असतील तर त्यालाही वैद्यकशास्त्रात वर्तनविकार असे नाव आहे. अशा सुमारे १२०० मुलां-तरुणांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूच्या सालीचे एकूण क्षेत्रफळ त्यांच्यात सरासरीने कमी आढळले. २०२५ मध्ये इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या पुढाकाराने सुमारे ९ हजार मुलां-तरुणांची चित्रे एकत्र तपासली गेली. चिंताविकार, नैराश्य, अतिचंचलता व वर्तनविकार या चारही गटांत काही फरक सारखेच आहेत, असे त्यात आढळले. आपण ज्याला 'दुःखी मुलगी' आणि 'वाया गेलेला पोरगा' म्हणतो, त्या दोघांची मुळे काही अंशी एकाच मातीत असू शकतात. एकीला सहानुभूती आणि दुसऱ्याला लाथा, हा आपला न्याय यापुढे तपासून पाहावा लागेल.

खाणे टाकून शरीर झिजवणाऱ्या आजारात, म्हणजे ॲनोरेक्सियात, मेंदूच्या सालीतील फरक बराच मोठा असतो. पण उपचाराने वजन भरून आले की तो फरकही मोठ्या प्रमाणात भरून निघतो. बदल परत फिरू शकतात, याचा हा सर्वांत स्पष्ट दाखला होय.

सरासरीचा हिशेब

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. इतके फरक सापडले आहेत, तर मुलाचा एम.आर.आय. काढून आजार ओळखता का येऊ नये?

वर प्रत्येक ठिकाणी 'सरासरीने' हा शब्द आला आहे. बँकेत काम करणाऱ्याला सरासरीची फसवेगिरी रोज दिसते. समजा, एका शाखेतील बचत खात्यांची सरासरी शिल्लक दुसऱ्या शाखेपेक्षा थोडी कमी आहे. म्हणून काउंटरवर उभ्या असलेल्या खातेदाराची शिल्लक पाहून तो कोणत्या शाखेचा, हे सांगता येईल काय? दोन्ही शाखांत श्रीमंत आहेत, गरीब आहेत आणि बहुतेक सगळे मधलेच आहेत.

मेंदूचेही तसेच आहे. २०१६ मध्ये दोन हजारांहून अधिक स्किझोफ्रेनियाग्रस्त आणि अडीच हजार निरोगी व्यक्ती यांची तुलना झाली. त्यांत बहुतेक प्रौढ होते. सर्वांत ठळक फरक हिप्पोकॅम्पसच्या आकारात निघाला. या ठळक फरकाचा अर्थ काय? एक रुग्ण आणि एक निरोगी माणूस अशी जोडी १०० वेळा उचलली, तर सुमारे ६३ वेळा रुग्णाचा भाग लहान निघेल आणि ३७ वेळा उलटे होईल. नाणेफेकीत हे प्रमाण ५० असते. अतिचंचल मुलांच्या २०१७ मधील मोठ्या अभ्यासात १७१३ विकारग्रस्त आणि १५२९ निरोगी व्यक्ती होत्या. त्यातील सर्वांत मोठा फरक याच पद्धतीने मांडला तर १०० पैकी ५५ इतकाच भरतो. शिवाय हे फरक मुलांमध्ये होते, प्रौढांमध्ये ठळक राहिले नाहीत. नैराश्यातील हिप्पोकॅम्पसचा फरक १०० पैकी ५४.

एवढ्या बारीक फरकावरून एका मुलाचे निदान करता येत नाही. हजारो माणसे एकत्र मोजली तरच तो दिसतो. म्हणूनच या विषयातील शास्त्रज्ञ आता देशोदेशीच्या संस्थांची चित्रे एकत्र करतात. २०२२ मध्ये तर एक लाखाहून अधिक माणसांची सुमारे १ लाख २४ हजार चित्रे जमवून गर्भावस्थेपासून शंभरीपर्यंत मेंदू कसा वाढतो आणि झिजतो, याचा तक्ता तयार करण्यात आला. अंगणवाडीत बाळाच्या वजनाचा तक्ता असतो, त्या धर्तीवर. पण या चित्रांत पाश्चात्त्य देशांचा भरणा फार मोठा आहे. आपल्याकडे बंगलोरच्या निमहान्स या संस्थेने ब्रिटिश संशोधकांच्या सहकार्याने ६ ते २३ वयोगटातील भारतीय मुला-तरुणांचा अभ्यास हाती घेतला, ही समाधानाची बाब आहे.

हा हिशेब कागदापुरता नाही. आमच्या शाखेत एक वडील मुदत ठेव मोडायला आले होते. मुलगा अठरा वर्षांचा, चार महिन्यांपासून घराबाहेर पडत नव्हता. कोणीतरी सांगितले म्हणून मेंदूचा स्कॅन काढायचा होता. पुढच्या महिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, रिपोर्ट नॉर्मल आला. म्हणजे पोराला झालेले काही नाही, नाटकच आहे." पैसे तर गेलेच, वर मुलाचे दुःख खोटे ठरले.

म्हणून हे ठळकपणे सांगितले पाहिजे : स्कॅन नॉर्मल आला याचा अर्थ आजार नाही असा होत नाही. मानसिक आजार असलेल्या बहुतेक मुलांचा स्कॅन साध्या डोळ्यांनी पाहता नॉर्मलच असतो. डॉक्टर काही वेळा एम.आर.आय. सांगतात, पण तो गाठ, डोक्याला मार, फिट्स, मेंदूला सूज यांसारखे दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी. मानसिक आजाराचे निदान आजही रुग्णाशी व घरच्यांशी सविस्तर बोलून, लक्षणे किती दिवस आहेत, कामावर-अभ्यासावर काय परिणाम झाला आहे, हे तपासूनच होते.

मोजमाप कोणाच्या हाती

माणसाचे डोके मोजून त्याची किंमत ठरवण्याचा उद्योग जुना आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सॅम्युअल मॉर्टन यांनी कवट्यांत आधी बिया व नंतर शिशाच्या गोळ्या भरून त्यांचे आकारमान मोजले आणि वंशांची उतरंड लावली. आपल्या देशात हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाची मोजमापे घेऊन जातींची उतरंड वंशाशी जोडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात हाच मोजमापाचा पुरावा हाती घेतला आणि त्यावरूनच ब्राह्मण व अस्पृश्य हे वेगळे वंश ठरत नाहीत, असे दाखवून दिले. मोजमाप टाकून न देता त्यातून खरोखर काय सिद्ध होते ते विचारायचे, हा त्यांचा धडा आजच्या मेंदूच्या चित्रांनाही लागू पडतो. 'याचा मेंदूच लहान आहे' हे वाक्य उद्या एखाद्या मुलाला वर्गाबाहेर, नोकरीबाहेर किंवा लग्नाबाहेर ठेवण्यासाठी वापरले जाऊ शकते. त्याला उत्तर देण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे.

याचा पुरावाही विज्ञानातच आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत ३ ते २० वयाच्या १०९९ मुलांच्या अभ्यासात घरचे उत्पन्न आणि मेंदूच्या सालीचे क्षेत्रफळ यांचा संबंध दिसला. सर्वांत गरीब घरांत उत्पन्नातील थोड्या फरकाबरोबर क्षेत्रफळात मोठा फरक दिसत होता. हे वाचून कोणी म्हणेल, गरिबाची पोरे जन्मतःच कमी. तसे नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या १७ राज्यांतील १० हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जेथे राहणीमान महाग आहे पण सरकार गरीब कुटुंबांना रोख मदत उदारपणे देते, तेथे गरीब व सधन मुलांच्या हिप्पोकॅम्पसमधील दरी मदत तोकडी असलेल्या राज्यांपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी होती. असा संबंध दिसला म्हणून कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही मेंदूच्या वाढीत पोटातील अन्न, घरातील शांतता आणि समाजाची धोरणे यांचा वाटा असतो, असे मानायला त्यातून चांगला आधार मिळतो.

आपण काय करावे

थोडक्यात सांगायचे तर, मेंदूच्या चित्रांनी आपल्याला दोन गोष्टी दिल्या आहेत. मुलाचा मानसिक आजार खरा आहे, तो नाटक, भूतबाधा किंवा आईचा दोष नाही, ही पहिली. आणि तो आजार म्हणजे मुलाचे भवितव्य नाही, मेंदू बदलत असतो, ही दुसरी. या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तर पुढचा मार्ग स्पष्ट होतो.

मुलाची झोप, भूक, बोलणे, अभ्यास, मित्र यांत मोठा बदल होऊन तो दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर थांबू नये. कानात आवाज येतात, लोक कट करत आहेत असे तो म्हणाला, तर लगेच डॉक्टर गाठावा. मरणाची भाषा केली तर ती धमकी समजू नये. त्याला एकटे सोडू नये. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती चोवीस तास चालते. जवळच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तेथे बाह्यरुग्ण विभागही असतो. पाऊल ठेवले म्हणजे मुलाला कायमचे आत ठेवतात, ही भीती मनातून काढून टाकावी.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क त्याने मान्य केला. रुग्णाला साखळीने बांधून ठेवण्यास त्याने बंदी घातली. एखाद्याचा सामाजिक किंवा आर्थिक दर्जा पाहून त्याला मानसिक रुग्ण ठरवता येणार नाही, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणाऱ्यावर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

स्कॅनचे पैसे हाताशी असतील आणि डॉक्टरांनी स्कॅन सांगितला नसेल, तर ते पैसे औषधासाठी, समुपदेशनासाठी आणि रुग्णालयात जाण्या-येण्याच्या भाड्यासाठी राखून ठेवावेत. यंत्राला मुलाच्या मेंदूची घडण दिसते. त्याला रात्री झोप का लागत नाही हे यंत्राला दिसत नाही. ते मुलालाच विचारावे लागते, आणि तो सांगू लागला की मध्ये न बोलता ऐकावे लागते. शाळेतील शिक्षकांनी, शेजाऱ्यांनी, नातलगांनी एवढे जरी केले, तरी एखाद्या घरातील मूल वेळेवर उपचाराला पोहोचेल.